घरात रेंज टिकत नसेल तर: दोष आधी शोधावा, कार्ड आणि फोन नंतर बदलावा

फोन चांगला आहे, रिचार्जही महागातला आहे, तरी घरात बोलताना आवाज तुटतो ही तक्रार कोकणातल्या वाड्यांपासून पुण्यातल्या उंच इमारतींपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिच्यावर योजला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे कंपनी बदलणे. कंपनी बदलल्यावर काही दिवस बरे वाटते, पुढच्या पावसाळ्यात किंवा गणपतीत पुन्हा तेच सुरू होते आणि मग नवा फोन घेण्याची चर्चा निघते. या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लेखन आहे. यातली उदाहरणे मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडच्या घरांची आहेत, कारण डोंगर, जाड भिंती, पाऊस आणि विजेचा लपंडाव यांची तिथे एकाच वेळी गाठ पडते.

रेंज ही कोणत्याही फोनची किंवा कंपनीची अंगभूत गोष्ट नसते. आपण बसतो ती जागा, त्या जागेवर पोहोचणारा आपल्या कंपनीचा टॉवर, तो टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ती फ्रिक्वेन्सी आणि ती पकडू शकणारा फोन, एवढे सगळे जुळले तरच बोलणे नीट होते. यातले नेमके काय बिनसले आहे हे न पाहता पैसे खर्च केले, तर बिघाड एकीकडे आणि दुरुस्ती दुसरीकडे असे होते. माझ्या मते फोन बदलणे हा या सगळ्यातला शेवटचा उपाय असायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा पहिला असतो.

तक्रार नेमकी कोणती आहे

"रेंज नाही" असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यामागे निरनिराळे बिघाड असतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. पडद्यावर "फक्त आपत्कालीन कॉल" असे लिहून येत असेल, तर त्याकडे बारकाईने पाहावे. ११२ हा क्रमांक उपलब्ध असलेल्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो. त्यामुळे आपले कार्ड चालू असताना हा संदेश दिसला, तर आपल्या कंपनीचा टॉवर तिथे पोहोचत नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी पोहोचतो आहे, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ होतो. अशा घरात नवा फोन आणून काहीही बदलणार नाही. कंपनी बदलून बदलेल.

अंगणात किंवा गच्चीवर स्पष्ट बोलता येते आणि माजघरात गेल्यावर कॉल कट होतो, अशी स्थिती असेल तर दोष घराच्या बांधकामात आणि वापरल्या जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीत असतो. काड्या पूर्ण दिसतात, पण संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटोही जात नाही, तेव्हा सिग्नल भरपूर असून टॉवरवर गर्दी झालेली असते. गणेशोत्सवात चाकरमानी गावी आले की एरवी निवांत असलेल्या टॉवरवर एकदम कित्येक पट फोन येतात आणि त्या आठवड्यात कोणताही फोन, कितीही महाग असला तरी, तितकाच हतबल ठरतो. म्हणून फोन किंवा कंपनी यांची पारख गणपतीतल्या अनुभवावरून करू नये. पण घरात माणसांचा वावर फक्त गणपती आणि मे महिना एवढाच असेल, तर मात्र नेमकी त्याच दिवसांत पारख करावी, हेही तितकेच खरे.

राहिला तो वेळेशी बांधलेला बिघाड. वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते आणि वीज आली की परत येते, असे होत असेल तर टॉवरची बॅटरी संपते आहे किंवा जनरेटर चालू केला जात नाही. एकाच टॉवरवर अनेकदा एकाहून अधिक कंपन्यांची उपकरणे असतात, त्यामुळे तो बंद पडला की त्या सगळ्या कंपन्या एकदमच गप्प होतात. अशा ठिकाणी दुसरे कार्ड घेताना ते वेगळ्या कंपनीचे असून भागत नाही. त्याचा टॉवरही वेगळा असायला हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि मोबाईल सेवा या दोन्ही गोष्टी बरेच दिवस बंद होत्या. त्या प्रसंगाला कोणतीच खरेदी पुरी पडली नसती, पण रोजच्या भारनियमनाला आणि झाड पडून तुटणाऱ्या तारांना दोन वेगळे टॉवर पुरे पडतात.

काड्या मोजू नयेत, आकडा पाहावा

पडद्यावरच्या काड्यांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे एका फोनवरच्या तीन काड्या आणि दुसऱ्यावरच्या दोन काड्या यांची तुलना निरर्थक असते. खरा आकडा डीबीएम या एककात मिळतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधील "अबाउट फोन" आणि त्यातील "सिम स्टेटस" या भागात तो दिसतो. काही फोनांत *#*#४६३६#*#* हा क्रमांक फिरवल्यावर सविस्तर माहितीचे पान उघडते. आयफोनवर *३००१#१२३४५#* फिरवून कॉलचे बटण दाबावे. हा आकडा उणे चिन्हासह येतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. ४जीवर उणे ९० पर्यंत सगळे सुरळीत चालते, उणे १०० ते ११० या पट्ट्यात बोलणे होते पण फिरताना आवाज तुटू शकतो, उणे ११५ च्या खाली कॉल टिकण्याची खात्री देता येत नाही आणि उणे १२० म्हणजे व्यवहारात रेंज नसल्यासारखेच.

हे प्रमाण सरळ वजाबाकीचे नाही. १० चा फरक म्हणजे शक्तीत १० पटींचा फरक आणि ३० चा फरक म्हणजे १००० पटींचा. म्हणून अंगणात उणे ८५ आणि माजघरात उणे ११५ असा आकडा आला, तर भिंती आणि छप्पर मिळून सिग्नलचा हजारावा भागच आत येऊ देत आहेत, हे आपोआप सिद्ध होते.

ओटी, माजघर, स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि अंगण अशा ठिकाणी प्रत्येकी मिनिटभर थांबून हा आकडा वहीत लिहावा. तो सकाळी, रात्री आठ-नऊच्या सुमारास आणि वीज गेलेली असताना घेतला तर आधीच्या भागातले निदान पक्के होते. आकडा रात्रीही तेवढाच राहतो आणि इंटरनेट मात्र अडते, म्हणजे गर्दी. आकडाच कोसळतो किंवा नाहीसा होतो, म्हणजे टॉवर. मोजताना फोन २जीवर आहे, ४जीवर की ५जीवर, हेही टिपावे, कारण २जी आणि ४जी यांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजले जातात आणि त्यांची परस्परांशी तुलना होत नाही.

अदलाबदलीची चाचणी

फोनचा दोष आणि कंपनीचा दोष वेगळा करण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. शेजाऱ्याकडून अर्धा तास फोन मागून आणावा लागतो. आपले कार्ड त्याच्या फोनमध्ये घालून त्याच खुर्चीवर बसून आकडा पाहावा. दोन्ही फोन एकाच ४जी बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) असताना पाच-सात डीबीएमचा फरक पडला तर तो सोडून द्यावा, कारण तेवढा फरक हात आणि बसण्याची दिशा बदलल्यानेही पडतो. दहाहून अधिक फरक सतत दिसत असेल, तर मात्र आपल्या फोनमध्ये काहीतरी बिघडले आहे. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा की, फोनचा डिस्प्ले किंवा बॅटरी अलीकडे बाहेर बदलून घेतली होती का. फोन उघडताना अँटेनाची बारीक वायर निसटते किंवा मागचे झाकण नीट बसत नाही आणि तेव्हापासून रेंज उतरते. फोन फेकण्याऐवजी तो पुन्हा उघडून ती वायर बसवून घेणे स्वस्त पडते. धातूचे कव्हर किंवा गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी मागे चिकटवलेली पत्र्याची चकती काढूनही एकदा मोजावे.

यानंतर उलट चाचणी करावी, म्हणजे आपल्या फोनमध्ये शेजाऱ्याचे दुसऱ्या कंपनीचे कार्ड घालावे. इथे मोठा फरक पडला तर उत्तर मिळालेच. दोन्ही चाचण्यांत काहीच फरक पडला नाही, तर दोष जागेचा आहे आणि पुढच्या खर्चाची दिशा पूर्ण बदलते.

या दरम्यान काही साध्या गोष्टी उरकून घ्याव्यात. ३जीच्या काळातले जुने कार्ड ४जीवर जोडले जात नाही. ते दुकानात बदलून मिळते आणि क्रमांक तोच राहतो. सेटिंग्जमध्ये व्होल्टेचे, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याच्या सोयीचे, बटण चालू आहे ना, हे पाहावे. जिओकडे २जी किंवा ३जी मुळातच नसल्यामुळे व्होल्टे बंद असेल तर त्यावर साधा कॉलही लागत नाही. मुंबईचा क्रमांक गावी वापरणाऱ्यांनी डेटा रोमिंग चालू ठेवावे, कारण दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे स्वतंत्र सर्कल (सेवा-विभाग) आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. सर्कल ओलांडल्यावर काही फोन रोमिंग समजून इंटरनेट बंद ठेवतात. ५जी फोन असेल आणि रेंज सतत ४जी-५जी अशी उड्या मारत असेल, तर काही दिवस नेटवर्क प्रकार ४जीवर कायम करून पाहावा. अनेक घरांत आवाज तुटणे आणि बॅटरी लवकर उतरणे या दोन्ही तक्रारी एवढ्याने कमी होतात.

घर स्वतःच अडथळा असते तेव्हा

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत जाड असते आणि सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते. ओल्या भिंतीतून रेडिओ लहरी अधिक क्षीण होऊन आत येतात. पानगळ नसलेल्या आंबा-फणसाच्या राईचेही तेच. चिंब पानांचा पडदा टॉवर आणि घर यांच्यामध्ये उभा राहतो. त्यामुळे मे महिन्यात उत्तम चालणारे कार्ड जुलैत रुसते आणि आपण कंपनीला दोष देतो. सर्वांत मोठा फरक मात्र छपराने पडतो. मंगलोरी कौलांतून सिग्नल बऱ्यापैकी आत येतो. गळतीला कंटाळून कौले उतरवून पत्रा घातला, की सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट भागातल्या, टॉवरकडून वरच्या बाजूने येणारा सिग्नल धातूवर आपटून परत जातो. छप्पर बदलले आणि रेंज गेली या दोन घटनांचा संबंध घरातल्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. शहरात हेच काम सळ्यांचे दाट जाळे असलेले काँक्रीट आणि उष्णता अडवणाऱ्या धातूच्या पातळ लेपाच्या काचा करतात.

कोकणात टॉवर बहुधा सड्यावर असतो आणि वाडी उतारावर किंवा खाडीकाठी. टॉवरच्या अँटेना ठरावीक दिशांना तोंड करून बसवलेल्या असतात, त्यामुळे सड्याच्या कड्याखालची वाडी टॉवरपासून हाकेच्या अंतरावर असूनही डोंगराच्या सावलीत राहते. खाडीपलीकडचा दुसऱ्या गावातला टॉवर मात्र पाण्यावरून सरळ दिसत असल्यामुळे अधिक चांगला पोहोचतो. वरच्या वाडीतल्या माणसाने छातीठोकपणे सुचवलेली कंपनी खालच्या वाडीत चालत नाही, याचे कारण हेच आहे. सल्ला घ्यायचाच असेल तर तो आपल्याच उतारावरच्या घरांतून घ्यावा.

जागेचा दोष निघाला तर सर्वांत परिणामकारक उपाय वायफाय कॉलिंग हा आहे. घरात फायबरचे इंटरनेट असेल, मग ते बीएसएनएलचे असो, मोठ्या खाजगी कंपनीचे असो की गावातल्या केबलवाल्याचे, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये वायफाय कॉलिंग चालू केल्यावर नेहमीच्या क्रमांकावरचे कॉल वायफायवरून येऊ-जाऊ लागतात. समोरच्या माणसाला काही वेगळे करावे लागत नाही आणि एअरटेल किंवा जिओ यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत. यासाठी फोनचे मॉडेल आपल्या कंपनीच्या वायफाय कॉलिंगला अनुकूल असावे लागते. बँकेचा ओटीपी वायफायवरून येतो की नाही, हे पहिल्याच दिवशी स्वतःला एक एसएमएस पाठवून तपासून घ्यावे, कारण गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची खरी अडचण कॉलपेक्षा अनेकदा ओटीपीच असते. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस जोडला तर वीज गेल्यावरही काही तास हे चालू राहते, फक्त केबलवाल्याच्या बाजूलाही बॅकअप आहे का, हे विचारून घ्यावे.

बाजारात आणि ऑनलाइन मिळणारे मोबाईल सिग्नल बूस्टर मात्र कोणी सुचवले तरी घेऊ नयेत. परवानगीशिवाय ते बसवणे भारतात बेकायदेशीर आहे, दूरसंचार विभाग ते जप्त करतो आणि असा एक बूस्टर आसपासच्या सगळ्यांची सेवा बिघडवू शकतो. शेजारच्या इमारतीत कुणी तो लावला असल्यामुळे आपली रेंज गेली, अशीही उदाहरणे शहरात घडतात. सोसायटीच्या गच्चीवरचा टॉवर विरोध करून काढायला लावायचा आणि नंतर घरात रेंज नाही म्हणून बूस्टर शोधायचे, हा प्रकारही शहरात दुर्मीळ नाही.

कंपनी निवडताना

कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी दूर जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात आणि भिंतीतून अधिक सहज आत येतात. जास्त फ्रिक्वेन्सीवर वेग मिळतो, पण भिंतीशी त्या लवकर हार मानतात. ४जीसाठी जिओ प्रामुख्याने ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ वापरते. एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३००. व्हीआय ९००, १८००, २१०० आणि २५००. तर बीएसएनएलचे नवे ४जी ७०० आणि २१०० वर उभे आहे. सर्कलनुसार यात थोडाफार फरक असतो. ५जीचा बहुतांश भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, म्हणजे वर सांगितलेल्या चिऱ्याच्या घरात तो खिडकीपाशीच थांबण्याची शक्यता जास्त. जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झही घेतले आहे आणि त्याचा उपयोग घरातल्या रेंजसाठी होतो.

कागदावरच्या या माहितीला प्रत्यक्ष नकाशाची जोड द्यावी. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला २जी, ४जी, ५जी अशा तंत्रज्ञानानुसार आपली सेवा कुठे पोहोचते याचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या जागेभोवतालचे टॉवर आणि त्यांवर कोणत्या कंपन्या आहेत हे पाहता येते. दोन वेगळे टॉवर हवे असतील तर ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. नकाशा डोंगराची सावली आणि पत्र्याचे छप्पर हिशेबात धरत नाही, एवढे लक्षात ठेवून त्याचा उपयोग करावा.

बीएसएनएल निकामी आहे असा जुना ग्रह असलेल्यांनी तो पुन्हा एकदा तपासून पाहावा, असे मी सुचवेन. स्वदेशी तंत्रज्ञानावर उभारलेल्या त्यांच्या ४जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे झाले आणि ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा डोंगराळ भागाला तत्त्वतः अनुकूल आहे. सगळीकडे ते चालतेच असे नाही, पण घाटाखालच्या काही गावांत पूर्वीपासून टॉवर फक्त त्यांचाच आहे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आधी पोर्ट करू नये, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलू नये. ज्या कंपनीकडे जायचे आहे तिचे नवे प्रीपेड कार्ड सर्वांत लहान पॅकसह घ्यावे, ते फोनच्या दुसऱ्या खणात महिनाभर ठेवावे आणि वर सांगितलेली मोजणी त्यावर करावी. पटले तरच मूळ क्रमांक पोर्ट करावा. एका पॅकचे पैसे जास्त जातात, पण चुकीचे पोर्ट त्याहून महाग पडते, कारण नव्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. पोर्ट करण्यासाठी इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, मोकळी जागा आणि आपला क्रमांक असा एसएमएस १९०० वर पाठवावा. उत्तरात येणारा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो आणि सर्कलमधल्या सर्कलमध्ये बदल होण्यास साधारण तीन कामकाजाचे दिवस लागतात. अलीकडेच कार्ड हरवून किंवा खराब होऊन बदलून घेतले असेल, तर सात दिवस हा कोड मिळत नाही. बदल प्रत्यक्ष होतो त्या काही तासांत क्रमांक बंद असतो, म्हणून घरात कुणी आजारी असताना किंवा बँकेचे मोठे काम असताना हे करू नये.

पॅक

रेंजच्या दृष्टीने पॅकचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे. महाग पॅक घेतल्याने सिग्नल वाढत नाही. ज्या घरात ५जी आत येत नाही तिथे अमर्याद ५जीचा मोह मात्र टाळावा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ही सवलत साधारणतः दिवसाला २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटाच्या पॅकवरच मिळते, आणि फोन ४जीवर उतरला की रोजच्या मर्यादेतला डेटा खर्च होऊ लागतो. म्हणजे माणूस अमर्याद ५जीचे पैसे भरतो आणि माजघरात मोजून मिळणारे ४जी वापरतो.

त्या वाचलेल्या पैशांत दुसऱ्या कंपनीचे राखीव कार्ड सांभाळता येते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले पॅक देणे बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. राखीव कार्डासाठी किंवा इंटरनेट न वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी हेच घ्यावे. ते कंपनीच्या अॅपमध्ये ठळकपणे दाखवले जात नाहीत, त्यामुळे शोधून काढावे लागतात. राखीव कार्ड ९० दिवस अजिबात वापरले नाही तर ते बंद होऊ शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते, पण यावर विसंबण्यापेक्षा महिन्यातून एखादा कॉल त्यावरून करणे बरे.

फोन घ्यायचाच असेल तर

इथवर येऊनही फोनच बदलणे भाग असेल, तर दुकानात कॅमेऱ्याच्या आधी बँडची यादी विचारावी. दुकानदाराला ती बहुधा माहीत नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या तपशिलात ती असते. आपल्या घरात ज्या कंपनीचा सिग्नल सर्वांत चांगला निघाला तिचे कमी फ्रिक्वेन्सीचे बँड त्या यादीत हवेतच. ८५० म्हणजे बँड ५, ९०० म्हणजे बँड ८ आणि ७०० म्हणजे बँड २८. बीएसएनएल घेणाऱ्यांनी २८ विशेष पाहावा, कारण भारतात विकल्या गेलेल्या अनेक जुन्या, स्वस्त फोनांत तो नव्हता. ५जीसाठी एन ७८ (३३०० चा पट्टा) सोबत एन २८ (७०० चा) असावा. दोन्ही खणांत ४जी, व्होल्टे आणि वायफाय कॉलिंग चालते याची खात्री करावी. एवढ्या अटी मध्यम किमतीचे फोनही पूर्ण करतात आणि किंमत तिप्पट केल्याने माजघरातला आकडा फारसा सुधारत नाही.

परदेशातल्या मुलांनी आणलेल्या फोनबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत तिथल्या कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन लॉक असेल तर भारतातले कार्ड त्यात चालतच नाही. लॉक नसला तरी काही अँड्रॉइड मॉडेलांत बँड ४० (म्हणजे २३००) नसतो किंवा भारतीय कंपनीचे व्होल्टे सुरू होत नाही. मग इंटरनेट चालते आणि कॉल लागत नाही अशी विचित्र स्थिती होते. तिथल्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलांना कार्डाचा खणच नाही, त्यामुळे ई-सिम (फोनमध्येच असलेले, बाहेर न निघणारे कार्ड) घ्यावे लागते आणि फोन बिघडला की कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याची सोय उरत नाही. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी मी ही अडचण मोठी मानतो.

बटणांचा फोनच हवा असेल तर तो ४जी आणि व्होल्टेचा घ्यावा. जुना २जी फोन एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलवर चालतो, जिओवर नाही. आणि जिओभारत फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे कार्ड चालत नाही, त्यामुळे त्या घरात जिओची रेंज आधी मोजलेली असावी.

तक्रार करावी ती आकड्यांसह

टॉवरच वारंवार बंद पडत असेल तर फोन आणि कार्ड यांत काहीही बदलून उपयोग नाही. तिथे लेखी तक्रार लागते. कंपनीच्या १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. "रेंज येत नाही" एवढेच न सांगता गाव, वाडी, नकाशावरचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि वहीतले डीबीएमचे आकडे सांगावेत, कारण त्यावरूनच तांत्रिक विभागाला टॉवर ओळखता येतो. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. वाडीतल्या अनेक घरांनी एकाच आठवड्यात स्वतंत्र तक्रारी केल्या तर एका सामूहिक निवेदनापेक्षा त्यांची नोंद अधिक ठळकपणे होते, कारण प्रत्येक तक्रारीला वेगळा क्रमांक पडतो आणि तिचा निपटारा कंपनीला दाखवावा लागतो.

२०२४ च्या त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ मोठ्या प्रमाणावर बंद राहिली, तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेड ग्राहकाला त्या दिवसांचे भाडे बिलात वळते करून द्यावे लागते आणि प्रीपेड ग्राहकाची मुदत तितक्या दिवसांनी वाढवावी लागते. दिवसात १२ तासांहून अधिक बंद राहिले तर तो पूर्ण दिवस धरतात. नैसर्गिक आपत्तीच्या काळात यातून सूट मिळू शकते. क्रमांक मुंबईच्या पत्त्यावर नोंदलेला असेल आणि वापर गावी होत असेल, तर त्या जिल्ह्याच्या ग्राहकांत आपली गणना होत नाही, म्हणून गावी कायम राहणाऱ्या माणसाचे कार्ड तिथल्याच पत्त्यावर नोंदवून घ्यावे.